मायक्रॉन मोजणारं यंत्र: दहा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी गणेश चवथीच्या तोंडावर साडेचार हजार रुपये मोजून हे यंत्र घेतलं. गाडीच्या रंगाची जाडी मोजायचं, मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. तळहातात मावतं, एका टोकाला गोल बटणासारखा सेन्सर, वर छोटा पडदा. पत्र्याला टेकवलं की टिक आवाज करून आकडा दाखवतं. गोव्यात फोंड्याजवळच्या माझ्या गाड्या पॉलिश करायच्या शेडमध्ये दोन गाड्या जेमतेम राहतात आणि चवथीच्या आधीचे पंधरा दिवस रांग रस्त्यापर्यंत जाते. अशा वेळी हा खर्च घरी कुणालाच पटला नव्हता. "याने गाडी चमकते?" बायकोने विचारलं. नाही चमकत. "मग?"

त्या "मग"चं उत्तर द्यायला मला दहा महिने लागले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली यंत्राला थोड्या शिव्याही आहेत.

आधी घेतलं का ते. त्याच्या महिनाभर आधी पर्वरीहून एक करडी सेडान आली होती. आठ वर्षं उन्हात उभी, रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे, बोनेटवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग. मालक म्हणाला, "कशी होईल?" मी म्हणालो, "नवीसारखी." बोलून गेलो, झालं. तीन दिवस खपलो. गाडी खरंच सुंदर दिसत होती, शेडमध्ये. बाहेर उन्हात काढली तर दोन दारांवरचे खोल ओरखडे तसेच, आणि मडगार्डवर पक्ष्याच्या विष्ठेने पडलेला खड्डाही तसाच. मालकाने माझाच शब्द मला परत दिला, "नवीसारखी म्हणालात ना?" अर्धा तास वाद, शेवटी ठरलेल्या पैशांतले निम्मे घेऊन गप्प बसलो. काम वाईट नव्हतं. शब्द वाईट होता.

यंत्राचं तत्त्व सोपं आहे. पोलादी पत्र्यावर ते चुंबकीय पद्धतीने मोजतं: सेन्सर आणि लोखंड यांच्यामध्ये रंगाचा थर जितका जाड तितका परिणाम कमी. अॅल्युमिनियमवर एडी करंटने, म्हणजे धातूत गोल फिरणाऱ्या विजेच्या प्रवाहाने मोजतं. माझ्याकडचं दोन्ही ओळखतं. फक्त लोखंड ओळखणारं स्वस्तातलं घेऊ नका, अॅल्युमिनियमचं बोनेट असलेली गाडी आली की ते मुकं होतं. प्लॅस्टिकच्या बंपरवर मात्र माझंही काही दाखवत नाही. त्यासाठी अल्ट्रासॉनिक यंत्र लागतं आणि त्याची किंमत ऐकून मी बंपर डोळ्यांनीच बघायचं ठरवलं.

सोबत एक लोखंडी चकती आणि पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्या येतात. चकतीवर टेकवून शून्य करायचं, मग पट्टी ठेवून आकडा जुळतो का बघायचं. माझ्या दोन पट्ट्या पहिल्याच महिन्यात हरवल्या. आता मी झेरॉक्सचा साधा कागद वापरतो. तो साधारण 100 मायक्रॉन असतो. अचूक मोजमापासाठी हे चालणार नाही, पण यंत्र शुद्धीवर आहे की नाही एवढं कळतं. शिवाय त्या कागदाचा दुसरा उपयोग सापडला. ग्राहकाच्या हातात तो देतो आणि म्हणतो, तुमच्या गाडीचा सगळा रंग मिळून एवढा. कंपनीतून आलेल्या बहुतेक गाड्यांवर 90 ते 140 मायक्रॉन मिळतात. त्यात प्रायमर आला, रंग आला आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, तो साधारण 35 ते 50. आपण घासतो तो फक्त हा वरचा थर. ओरखडा "काढायचा" म्हणजे त्याच्या आजूबाजूचं क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत उतरवायचं. उन्हापासून वाचवणारं रसायनही त्याच थरात असतं. कागद बोटांत चुरगाळत माणूस गप्प होतो. इतकी वर्षं तोंडाने समजावून जे जमलं नाही ते त्या कागदाने जमतं.

आता कुरकुर. पडद्यावर दशांश चिन्हानंतरचा आकडाही दिसतो, तो विसरून जा. एकाच जागी तीनदा टेकवलं तर 104, 107, 103 असं काहीही येतं. जोरदार कंपाउंडिंगच्या (खरबरीत पॉलिशने घासण्याच्या) एका फेरीत जातात दोनतीन मायक्रॉन. म्हणजे आपण किती घासलं हे या यंत्राने मोजणं म्हणजे भाजीच्या काट्यावर सोनं तोलणं. सुरुवातीला मी प्रत्येक फेरीनंतर मोजून वहीत लिहायचो. एकदा पॉलिश केल्यावर रंग दोन मायक्रॉनने वाढला, तेव्हा वही बंद केली. वळणावर आणि कडेला आकडा बिघडतो. सेन्सर सपाट टेकला पाहिजे. बॅटरीचं झाकण जानेवारीत तुटलं, तिथे चिकटपट्टी आहे. जूनपासून आमच्याकडे हवाच अशी की मायक्रोफायबरचे फडके दोन दिवसांत कुबट होतात, यंत्राच्या आतले बॅटरीचे पत्रेही हिरवे पडायला लागले. आता ते तांदळाच्या डब्यात असतं.

एवढं असूनही परत घेईन का? हो. कारण सांगतो.

माशेलच्या एका निवृत्त शिक्षकांची निळी मारुती एस्टीम, 2003 ची. चार वर्षं आंब्याखाली उभी. वर आंब्याचा चीक, वटवाघळांची घाण, पावसाळ्यात शेवाळ, उन्हाळ्यात लाल धूळ. आधी नुसती धुतली. निळा रंग कुठे आहे ते शोधावं लागत होतं. काकांनी चहाही न घेता विचारलं, "नवी होईल रे?" या वेळी मी तोंड बंद ठेवलं आणि यंत्र काढलं.

दारं 105 ते 118, चारही. म्हणजे कंपनीचाच रंग, कुणी हात लावलेला नाही. बोनेट 98. टपावर मात्र क्लिअर कोटचे पोपडे सुटलेले, उन्हाने सोललेल्या पाठीसारखे. पोपडा गेलेल्या जागी टेकवलं: 62. शेजारी, जिथे अजून धरून होतं तिथे: 98. मधले 36 मायक्रॉन म्हणजे गेलेलं क्लिअर कोट. काकांना दोन्ही आकडे दाखवले आणि म्हणालो, "काका, जे गेलं त्यावर पॉलिश करता येत नाही. घासलं तर उरलेलंही उडेल. टप रंगवायला लागेल नाहीतर आहे तसा ठेवायला लागेल. दारं आणि बोनेट मात्र बोलतील." काका गणिताचे. वजाबाकी त्यांनी माझ्या आधी केली होती.

मग ड्रायव्हरच्या दारावर दोन फूट बाय दोन फूट जागा घेतली, मधोमध टेप लावली आणि अर्ध्याच भागावर काम केलं. आधी क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी), मग ब्रेकची लोखंडी धूळ विरघळवणारं द्रावण (ते जांभळं होत ओघळतं, बघायला मजा येते), मग मायक्रोफायबर पॅड आणि कंपाउंड, नंतर मऊ फोमवर बारीक पॉलिश. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. ही शेवटची पायरी बरेच जण टाळतात. अनेक पॉलिशमध्ये तेलं असतात, ती ओरखड्यांत भरून बसतात आणि दोनचार धुण्यांनंतर ओरखडे परत हजर होतात. अल्कोहोलने पुसल्यावर जे दिसतं तेच खरं. टेप काढून गाडी उन्हात ढकलली. अर्धं दार निळं, अर्धं राखी. काका म्हणाले, "एवढं झालं तरी पुरे."

मागच्या दारावर कुणीतरी खिळ्याने घर काढलेलं होतं, दार-खिडकीसकट. नख फिरवलं तर अडकत होतं. नख अडकलं म्हणजे ओरखडा पॉलिशच्या आवाक्याबाहेर गेला, हा जुना नियम आहे, यंत्रापेक्षाही जुना. मी टचअपचा खर्च सांगायला लागलो तर काकांनी हात हलवला. नातवाचं होतं ते. राहू दे म्हणाले.

दोन दिवस काम चाललं. टप अजून सोललेला आहे. काकांची एक तक्रार नाही, उलट त्यांच्यामागून त्या भागातल्या तीन गाड्या आल्या. पर्वरीच्या सेडानपेक्षा ही गाडी शेवटीही वाईटच दिसत होती. माणूस मात्र खूश गेला, कारण काय मिळणार आहे ते त्याने आधीच बघितलेलं होतं.

आता यंत्राने जिथे मला फसवलं ते. म्हणजे मीच फसलो. फेब्रुवारीत एक पांढरी हॅचबॅक आली, सेकंड हँड घेतलेली. बोनेटवर सगळीकडे 108 ते 114. कंपनीचा रंग समजून बिनधास्त कंपाउंड मारलं. बोनेटच्या उंच रेषेवर पॅडला पांढरं लागत होतं, पण कंपाउंडही पांढरंच, त्यामुळे लक्षात आलं नाही. फडक्याने पुसलं तेव्हा खाली करडा प्रायमर. पोटात गोळा आला. नंतर ओळखीच्या पेंटरने बिजागरीवरचे बोल्ट दाखवले: पान्याने रंग उडालेला. अपघातात बोनेट नवीन बसवलं होतं आणि बाहेर कुठेतरी रंगवलं होतं, क्लिअर कोट अगदी पातळ. यंत्र एकूण जाडी सांगतं, त्यात कुठला थर किती ते सांगत नाही. 110 मध्ये क्लिअर कोट 45 असू शकतं, 15 असू शकतं. मालकाला लगेच फोन करून खरं सांगितलं आणि साडेपाच हजार खिशातून घालून बोनेट रंगवून दिलं. म्हणजे यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त.

तेव्हापासून आधी टॉर्च, मग यंत्र. बोल्ट बघतो, रबराच्या बीडिंगखाली रंगवताना लावलेल्या टेपची कड आहे का बघतो, शेजारच्या दाराशी रंगाचा पोत जुळतो का बघतो. आणि रेषांवर, कडांवर टेप लावल्याशिवाय मशीन चालू करत नाही. कोपऱ्यावर रंग मुळातच पातळ बसतो, हे मला माहीत होतं. आकडा चांगला दिसला म्हणून विसरलो.

अजून एक भानगड. कुणाला न विचारता आकडे मोठ्याने वाचू नका. एका रविवारी बाप-लेक आले होते. बापाने सहज विचारलं, "आमचा रंग कसा आहे?" मी टेकवत गेलो: 112, 109, 115, आणि डाव्या मडगार्डवर 640. मी उत्साहात म्हणालो, "इथे पुट्टी आहे, ठोकलेली गाडी." बाप म्हणाला, "आम्ही नवी घेतली, कधी ठोकली नाही." मुलगा मोबाईलमध्ये बघायला लागला. पुढचा पाऊण तास माझ्या शेडमध्ये जे झालं ते लिहीत नाही. आता आकडे वहीत लिहितो आणि ज्याच्या नावावर गाडी आहे त्यालाच बाजूला घेऊन दाखवतो.

सिरॅमिक कोटिंगवाल्यांसाठी (रंगावर कडक पारदर्शक थर चढवून घेणाऱ्यांसाठी) या यंत्राचा उपयोग थोडा, पण संवाद तोच. "नाइन एच आहे, म्हणजे दगडालाही भीत नाही ना?" हा प्रश्न आठवड्यातून दोनदा येतो. नाइन एच हे पेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे, दगड-हिऱ्याचं नाही. कोटिंग ओरखडे लपवत नाही, खाली जे असेल ते तसंच बंद करून ठेवतं. आणि पाण्याचे डाग त्यावरही पडतात. यासाठी माझ्याकडे कागद नाही, अजून तोंडानेच सांगतो, आणि निम्मे लोक न पटून दुसरीकडे जातात. रेंट-अ-कॅबवाले सगळ्यात सोपे गिऱ्हाईक. डिसेंबरच्या आधी येतात आणि स्वच्छ सांगतात, "टुरिस्टाला चमकलेली दिसली पाहिजे, जानेवारीत काय व्हायचं ते होऊ दे." त्यांना ग्लेझ, म्हणजे ओरखडे भरून झाकणारा लेप, मारून देतो, ओरखडे महिनाभरात परत दिसतील हे सांगून. त्यांच्यासाठी यंत्र डब्यातून काढतसुद्धा नाही.

घ्यायचं असेल तर: लोखंड आणि अॅल्युमिनियम दोन्ही ओळखणारं, चकती-पट्ट्या सोबत असणारं, आणि बॅटरीचं झाकण स्क्रूचं असणारं घ्या. माझ्या झाकणाची चिकटपट्टी काल परत सुटली. पाऊस लागलाय, चवथीला अजून वेळ आहे, तोवर एखादा रबर बँड लावून बघतो.