लिबबीएफडी वापरून पाह्यलं: ५ पैकी साडेतीन

राजेहो, हा मोबाईल-हेडफोनचा रिव्ह्यू नाही हे आधीच सांगतो. लिबबीएफडी ही लायब्ररी आहे, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड; कंपाइल होऊन बनलेल्या प्रोग्रामच्या फाईली वाचायचं-लिहायचं काम करते. मी दिग्रसकडच्या एका खेड्यात शेतातल्या मोटरपंपाचे ऑटो-स्टार्टर बोर्ड बनवतो. जुन्या बोर्डांवर एटीमेगा३२८पी चिप, नंतरच्यांवर एसटीएम३२, आणि ज्यांना मोबाईलवरून मोटर चालू-बंद पाह्यजे त्यांच्यासाठी ईएसपी३२. म्हणजे एव्हीआर, आर्म आणि एक्सटेन्सा, तीन वेगळे प्रोसेसर, कंपाइलर (आपला कोड चिपच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) तिघांसाठीही ईएलएफ नावाच्या साच्यातली फाईलच देतो पण आतली भाषा प्रत्येकाची वेगळी. कोणता कोड किती फ्लॅश (कोड ठेवायची मेमरी) खाते, किती रॅम खाते हे एका जागी दिसावं म्हणून मी लिबबीएफडीवर बसणारी एक छोटी लायब्ररी लिहिली आणि २०१९ पासून ती सांभाळून राहिलो.

लिबबीएफडी जीएनयू बिनयुटिल्सच्या, म्हणजे अशा फाईली हाताळणाऱ्या टूल्सच्या संचाच्या, पोटात असते. ऑब्जडंप (फाईलमधला कोड उलगडून दाखवणारा), ऑब्जकॉपी (फाईलचा फॉरमॅट बदलणारा), एनएम, स्ट्रिप, लिंकर, जीडीबी (चुका शोधायचा डीबगर) सगळे हिच्याच जिवावर. अर्डुइनोत कोड कंपाइल करता तेव्हा शेवटी चिपमधे भरायची हेक्स फाईल करून देणारा एव्हीआर-ऑब्जकॉपी, तो पण. नावाची गोष्ट मजेशीर आहे, अशी लायब्ररी करणं अवघड जाईल असं जीएनयू सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन म्हणाले तर सिग्नस कंपनीचे डेव्हिड हेन्केल-वॉलेस बोलून गेले "बीएफडी", म्हणजे सभ्य मराठीत "त्यात काय एवढं!". बायनरी फाईल डिस्क्रिप्टर हा सोवळ्यातला अर्थ मागून चिकटवला.

काम कसं करते तर आपल्याकडे कोंडवाड्यात एखादं जनावर आलं की घरोघरी विचारतात ना, "तुमचं का हो?", तसंच. प्रत्येक फॉरमॅटचा एक बॅकएंड, म्हणजे तो फॉरमॅट ओळखणारा कोड, आहे, फाईल उघडली की एकेकाला विचारत जाते. एकानं ओळखली तर बरं, दोघंतिघं "माझीच" म्हणाले तर फाईल संदिग्ध आहे म्हणून एरर येते आणि तुम्हीच सांगा म्हणते. मला हे फार आवडलं, अंदाजे ठोकून देत नाही.

पण उबंटूवर साधा बिनयुटिल्स टाकून एव्हीआरची फाईल दाखवली तर "आर्किटेक्चर अननोन". कारण नेहमीच्या पॅकेजमधे तुमच्याच मशीनपुरते बॅकएंड असतात. सगळे एका जागी पाह्यजे तर सोर्स आणून सगळे टार्गेट (म्हणजे सगळ्या चिपांचे बॅकएंड) चालू करून बिल्ड करा. मी बिल्ड केलं, जुना लॅपटॉप, बॅटरी मेलेली, तीनदा लाईन गेली. मेक जिथं थांबलं तिथूनच पुढं जाते म्हणून वाचलो.

एव्हीआरनं एकदा चांगलंच फसवलं. त्याच्यात प्रोग्राम आणि डेटाची मेमरी वेगवेगळी, पण ईएलएफमधे पत्ते तर एकाच ओळीत लावावे लागतात, म्हणून रॅमचे पत्ते हेक्समधे ८००००० च्या पुढं ठेवतात. मी शहाण्यासारखा शेवटच्या पत्त्यालाच साइझ धरून बसलो. रिपोर्टमधे रॅम वापर ८ एमबी! चिपची अख्खी रॅम २ केबी. लिबबीएफडी बरोबर होती, येडा मी होतो.

आता दीड स्टार कुठं कापला ते सांगतो. लिबबीएफडी घरच्यांसाठी आहे, पाहुण्यांची सोय ओसरीवर. बिनयुटिल्स आणि जीडीबी सोडून बाहेरच्या कोणासाठी इंटरफेस जसाच्या तसा ठेवू असं वचन कुठंच नाही. फेब्रुवारी २०२० मधे २.३४ आलं आणि सेक्शनची (फाईलमधल्या कोड-डेटाच्या कप्प्यांची) माहिती देणाऱ्या फंक्शनांच्या नावातला "गेट" गेला, सोबत पहिला आर्ग्युमेंट पण. लिनक्स कर्नलसोबतच्या पर्फ या वेग मोजायच्या टूललाही त्यासाठी दुरुस्ती करावी लागली, मंग माझी काय कथा. नवीन व्हर्जन वर्षातून दोनदा येते आणि मी बेधडक अपडेट मारायचो, चूक माझीच. वरून तिची हेडर फाईल आपल्या कोडमधे घेतली की "आधी कॉन्फिग डॉट एच घ्या" अशी एरर, तर लोक पॅकेज नावाचा मॅक्रो खोटाच डिफाइन करून गप बसवतात, मी पण तेच केलं. लायसन्स जीपीएल ३ आहे, टूल दुसऱ्याला देणार असाल तर आपला कोड पण द्यावा लागते, मला चालते, तुम्ही आपलं पाहून घ्या. नुसती ईएलएफच वाचायची असेल आणि पायथन येत असेल तर पायईएलएफटूल्स ही पायथन लायब्ररी पुरते, कायले एवढी झंझट.

आता मी एकच व्हर्जन फिक्स करून स्टॅटिक लिंक करतो, म्हणजे ती माझ्या टूलमधेच बांधून टाकतो, आणि जिथं जमते तिथं सरळ ऑब्जडंपचं आउटपुट वाचतो.

तरी साडेतीन काहून दिले? मागच्या हंगामात एका काकांच्या जुन्या बोर्डातला डिले बदलायचा होता, लाईन आल्यावर मोटर लवकर उठत होती. सोर्स माझ्या मेलेल्या हार्डडिस्कसोबत गेलेला, फक्त हेक्स फाईल उरली. हेक्समधे नुसते पत्ते आणि बाइट्स, फंक्शनची नावं नाही, सेक्शनला पण लायब्ररीनं स्वतःच "सेक१" नाव दिलं, चिप कोणती तेही आपणच सांगायचं. सांगितलं, आणि ऑब्जडंपनं पूर्ण कोड उलगडून समोर ठेवला. डिलेचा आकडा चार रजिस्टरमधे तुकडे करून भरलेला होता, तो शोधायला दोन रात्री गेल्या, अन् रोज सकाळी काकांचा फोन, "काऊन रे बाबू, बोर्ड अजून नाई झाला? तूर वाळून राह्यली ना!"

तिसऱ्या दिवशी बोर्ड दिला. सोर्स आता दोन पेनड्राइव्हवर ठेवतो.