तरंगत्या तबकडीचं भांडं : पाण्याचा धिंगाणा थांबला, ताटलीचा नाही

आमचा टिप्या लॅब्रेडॉर आहे, अजून वर्षाचा व्हायचाय. पाण्याचं भांडं समोर आलं की हा आधी पुढचे दोन्ही पाय त्यात घालणार, खसाखसा उकरणार आणि भांडं पालथं झालं की त्याच पाण्यात लोळणार. इथे जुळे सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. उजनी काठोकाठ भरली काय आणि तळाला गेली काय, आमच्या नळाचा हिशोब तोच. त्यात हा रोज बादलीभर पाणी फरशीवर ओतायचा. म्हणून नवी पेठेतल्या एका दुकानातून हे तबकडीचं भांडं आणलं. किंमत सातशेच्या थोडी आत. उन्हाळाभर वापरून लिहितेय.

प्लॅस्टिकचं पसरट भांडं आहे, कड आत वळलेली. पाण्यावर एक तबकडी तरंगते, तिच्या मधोमध भोक. कुत्र्याने तोंड टेकवलं की तबकडी जराशी दबते आणि भोकातून घोटभर पाणी वर येतं. ते चाटलं की पुढचं. खरं तर ही सोय लांब केसांच्या, दाढी भिजवून घरभर थेंब सांडणाऱ्या कुत्र्यांसाठी आहे. पण दुकानदार म्हणाला, "घेऊन जावा की ओ काकू. ह्यात पाय घालायला जागाच नाही, काय करंल?"

काय करंल ते घरी बघितलं. नेहमीप्रमाणे पंजा मारला. तबकडी खाली गेली, भोकातून पाण्याचा छोटासा बुडबुडा आला, बस. उडायला मोकळं पाणीच नाही. पंजा वर घेतला, वाकून भोकात बघितलं, परत मारला. मग माझ्याकडे असं बघितलं की मुलगा हसत सुटला, "आई, तक्रार करायलाय बघ तुझी!" थोड्या दिवसांत पंजे मारणं जवळपास बंद झालं. मजा नाही तर खेळ नाही, एवढंच त्याचं गणित.

मात्र ओढणं बंद झालं नाही. भांडं भरलेलं असलं की जागचं हलत नाही, अर्धं झालं की हा कड दातात धरून दारापर्यंत नेतो. खाली चार रबरी गुट्ट्या आहेत. शहाबादी फरशीवर त्या चांगल्या धरतात, पण दोन लगेच निघाल्या आणि त्यातली एक चघळताना त्याच्या तोंडातून काढावी लागली. आणल्या आणल्या गुट्ट्या उपटून बघा, सैल असतील तर सरळ काढून टाका. आम्ही पंक्चरवाल्याकडून स्कूटरचं जुनं टायर आणलं आणि भांडं त्यात बसवलं. फुकटात काम झालं. मात्र पिल्लाचे दात पडून नवे येत असतील, म्हणजे साधारण चार ते सात महिन्यांच्या वयात, तर टायर ठेवू नका, कुरतडून खाईल. तेव्हा विटांचा चौकोन बरा.

लॅब्रेडॉरचं पाण्याचं वेड जाणार नाही, हेही मान्य करायला हवं. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर पाण्यात काम करणाऱ्या कुत्र्यांचा हा वंश, बोटांच्या मध्ये कातडीचा पडदा असतो. शिवाय कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः तळपायांना, बाकी सगळा गारवा जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. मे महिन्यात सोलापुरात पारा 42 च्या वर गेल्यावर त्याने पाण्यात पाय घातले तर त्याला मस्ती म्हणायचं तरी कसं? म्हणून मागच्या अंगणात एक घमेलं ठेवलंय, भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी त्यात. पाय घाल, बस, लोळ. संध्याकाळी ते पाणी जास्वंदीला. घमेलं ठेवल्यापासून प्यायच्या भांड्याला त्रास आणखी कमी झाला, त्यामुळे सगळं श्रेय मी त्या सातशे रुपयांना देणार नाही.

आता खोड्या. आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार फार. भोकाभोवती पांढरं कडं जमतं, ते लिंबाच्या सालीने घासावं लागतं. तबकडीच्या खालच्या बाजूला बुळबुळीत थर धरतो, तो वरून दिसत नाही, पण बोट फिरवलं की कळतो. रोज उलटी करून घासायला कंटाळा येणार असेल तर हे भांडं घेऊ नका. आणि फिरून आल्यावर तहानलेल्या कुत्र्याला हे घोट घोट पाणी पुरत नाही, तो चिडतो. तेव्हा स्टीलच्या पातेल्यात पाणी देते, समोर उभी राहते, पिऊन झालं की उचलते. पातेलं उचललं तरी तबकडीचं भांडं भरलेलं असतंच. सांडतो म्हणून उन्हाळ्यात पाणीच काढून ठेवणारे लोक मी पाहिलेत, तसलं काही करू नका.

जेवणाच्या ताटलीला याचा उपयोग शून्य. टिप्या स्टीलची ताटली नाकाने ढकलत ढकलत भिंतीला नेऊन आपटतो. दुपारी दोन वाजता तो खणखणाट, आणि वरच्या मजल्यावर सासूबाई झोपलेल्या. आवाज झाला की आम्ही ओरडत धावायचो, त्याला वाटायचं सगळे खेळायला आले. आता कोणी धावत नाही. ज्वारीची भाकरी कुस्करून अंड्यात कालवून देते, पंधरा-वीस मिनिटांत खाल्लं तर ठीक, नाही तर ताटली गपचूप उचलायची. थोडं खाणं पोकळ रबरी खेळण्यात भरून देते, त्यातून काढत बसतो अर्धा तास. (शेंगाची चटणी लावलेली भाकरी त्याने चोरून बघितली आहे. लसूण कुत्र्यांना चालत नाही, त्यामुळे डबा आता वरच्या फळीवर.) एक मात्र आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलंय : नीट खाणारं कुत्रं अचानक ताटली ढकलून तोंड फिरवायला लागलं तर खोडी समजू नका, दात, हिरड्या, पोट तपासून घ्या.

पाच पैकी साडेतीन देईन. मोठ्या कुत्र्याला मोठाच आकार घ्या. आणि दुकानातच तबकडी काढून, घालून, बोटाने दाबून बघा. आम्हाला दाखवलेल्या पहिल्या नगाची तबकडी एका बाजूला अडकत होती, दुसरा काढायला लावला.