बल्गेरियातल्या वेलिको तर्नोवोतलं घरगुती गेस्टहाउस
खोली लहान, पण लख्ख. न्याहारीला गरम बानित्सा (चीज भरलेली खुसखुशीत पेस्ट्री) आणि घट्ट दही. जिना फार उभा आहे, सामान कमी न्या.

खरा जीव लावला तो मालकीणआजींनी. मी पर्स जमिनीवर ठेवली की त्या उचलून खुर्चीवर ठेवत, नाहीतर पैसा जातो. मी सहा ट्यूलिप नेली, तर त्यांनी एक बाजूला काढलं. सम संख्येची फुलं तिकडे मयताला नेतात. १ मार्चला मनगटावर मार्तेनित्सा, म्हणजे वसंताच्या स्वागताचा लाल-पांढरा दोरा, बांधली. करकोचा किंवा फुललेलं झाड दिसेपर्यंत ती काढायची नाही!

निघताना त्यांनी उंबऱ्याबाहेर भांडंभर पाणी ओतलं, काम पाण्यासारखं सुरळीत वाहावं म्हणून. पुण्याहून निघताना आईने हातावर दही ठेवलं होतं. डोळे भरून आले.