बेलग्रेडची नव्वदच्या दशकाची टूर: गाईड जाणकार, पण मेलेल्यांना दोनच वाक्यं

बेलग्रेडला गेलात आणि हॉटेलवाल्याने ही नाइन्टीजवाली, म्हणजे युगोस्लाव्हिया फुटतानाच्या युद्धांच्या काळावरची टूर सुचवली तर जरूर घ्या, पण मी तीनच स्टार का दिलेत ते आधी वाचा.

गाईड पोरगा अभ्यासू आहे, प्रश्न विचारले की वैतागत नाही. सुरुवात रेड स्टार या फुटबॉल क्लबच्या स्टेडियमपासून, आणि तिथे जवळच आर्कानचं घर. आर्कान म्हणजे झेल्को राझ्नातोविच, युरोपभर बँका लुटलेला, तुरुंग फोडून पळालेला, इंटरपोलला हवा असलेला माणूस. क्लबच्या दंगेखोर फॅन्सचा तो म्होरक्या झाला आणि ऑक्टोबर 1990 मध्ये त्यातल्याच पोरांना घेऊन त्याने स्वतःची फौज काढली, लोक तिला टायगर्स म्हणायचे. या फौजेच्या पाठीशी सर्बियाचं गुप्त पोलीस खातं होतं हे गाईडने फार नीट उलगडून सांगितलं, म्हणजे ज्याला आत टाकायचं त्यालाच सरकारने हाताशी धरलं, कारण सैन्याला उघडपणे करता येत नाहीत ती कामं असल्या लोकांकडून करून घ्यायची आणि नंतर आमचा काय संबंध म्हणून हात झटकायचे. एवढा भाग एक नंबर.

पुढे मात्र गाडी घसरते. 1995 चं गायिका त्सेत्साशी लग्न, त्याच्या ओबिलिच या फुटबॉल क्लबने 1998 ला जिंकलेली लीग, 15 जानेवारी 2000 ला तेव्हाच्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलच्या लॉबीत त्याला घातलेल्या गोळ्या, हे सगळं अगदी रंगवून रंगवून. लोक त्या हॉटेलसमोर सेल्फी काढत होते, मला बघवलं नाही.

आणि बियेलिना? दोन वाक्यं, बस. एप्रिल 1992 मध्ये बॉस्नियातलं हे शहर ताब्यात घेताना टायगर्स आणि इतर सर्ब टोळ्यांनी किमान 48 नागरिक मारले, जवळपास सगळे बिगरसर्ब. अमेरिकन फोटोग्राफर रॉन हॅविवचा गाजलेला फोटो तिथलाच आहे, फुटपाथवर माणसं पडलीयेत आणि गॉगल डोक्यावर चढवलेला, हातात सिगरेट धरलेला एक जण पडलेल्या बाईला लाथ मारायला पाय उचलतोय. हॅविवला सोबत यायची परवानगी खुद्द आर्काननेच दिली होती, इतकी बेफिकिरी. गाईडच्या टॅबवर लग्नाचे फोटो होते, हा नव्हता.

कोर्टाचं पण मी विचारलं तेव्हा निघालं. आर्कानवर हेगच्या युद्धगुन्ह्यांच्या कोर्टाने 1997 लाच आरोप ठेवले होते, खटला चालायच्या आत तो मेला. पण गुप्त पोलिसांचे वरचे अधिकारी स्तानिशिच आणि सिमातोविच यांना 2023 च्या अपिलात प्रत्येकी 15 वर्षांची शिक्षा झाली, म्हणजे या वरिष्ठांचा हात कोर्टात सिद्ध झालाय, आणि हे टूरमध्ये आपणहून सांगत नाहीत!

बुकिंग करताना आधीच मेल टाका की बियेलिना, सान्स्की मोस्त (बॉस्नियातलंच आणखी एक गाव, तिथेही टायगर्सनी माणसं मारली) आणि हेगच्या निकालाला वेळ द्या. पोराला सगळं माहितीये, विचारलं की मोकळेपणाने बोलतो. मधलं अंतर गाडीने नेतात त्यामुळे वयस्कर मंडळींना त्रास नाही, लहान मुलांना मात्र नेऊ नका.