एरागॉन मालिका : पहिली दोन घ्या, पुढची वाचनालयातून आणा

ख्रिस्तोफर पाओलिनीच्या या चार पुस्तकांचा अख्खा संच घ्यायच्या विचारात असाल तर जरा थांबा. पहिली दोन सुटी घ्या. (पुढे कथानक फुटणार आहे.)

'एरागॉन'मध्ये (2003) नवं फारसं काही नाही. शेतावरचा पोरगा, ड्रॅगनचं अंडं, म्हातारा गुरू, दुष्ट राजा. तरी पुस्तक खाली ठेववत नाही, कारण जादूचा हिशेब चोख आहे. एखादं काम हाताने करायला जितकी ताकद लागते तितकीच मंत्राने करतानाही अंगातून जाते. याझुआक गावात एरागॉन 'ब्रिसिंगर' हा आगीचा मंत्र म्हणून बाण सोडतो, दोन अर्गल (शिंगवाले राक्षसी योद्धे) मरतात आणि त्याच्या स्वतःच्या अंगातलं त्राण जातं. त्यामुळे प्रत्येक मंत्राला धाकधूक असते.

'एल्डेस्ट'मधला (2005) एरागॉनचा मामेभाऊ रोरान हा मालिकेतला सर्वांत सरस भाग. ना मंत्र, ना ड्रॅगन. हातात हातोडा घेऊन हा माणूस गावकऱ्यांना डोंगरापार नार्डाला, तिथून तीर्मला नेतो आणि जहाज पळवतो. एरागॉनचं प्रशिक्षण मात्र रेंगाळतं. घसरणही इथूनच सुरू होते. पाठीच्या जखमेमुळे झटके येऊन कोसळणारा नायक एल्फांच्या उत्सवात एका रात्रीत बरा होतो, वर एल्फांसारखा चपळ नि बळकटही होतो. इतकी पानं पोसलेलं दुखणं आणि इलाज फुकटात!

तीनच भागांची ठरलेली मालिका चार भागांची होणार हे 2007 मध्ये जाहीर झालं. 'ब्रिसिंगर'मध्ये (2008) त्याचा ताण जाणवतो. ड्वार्फ टोळ्यांची राजा निवडायची बैठक संपता संपत नाही. एल्डेस्टमध्ये शिपायांची एक तुकडी ज्याला जड जात होती तो रोरान इथे एका चकमकीत 193 सैनिक लोळवतो. आकडा पुस्तकातलाच आहे, आणि तो वाचल्यावर रोरानची काळजी वाटणं बंद होतं. गावाशी दगा करणाऱ्या खाटीक स्लोनचा निवाडा आणि तलवार घडवण्याचं प्रकरण तेवढं चुकवू नका. भट्टीपासून पात्याला आकार येईपर्यंतचं काम पाओलिनी मन लावून लिहितो.

पहिल्या पुस्तकाची पानं पाचशेच्या आसपास, 'इनहेरिटन्स'ची (2011) साडेआठशेच्या आसपास. बेलाटोना, अरूज, ड्रास-लिओना अशी एकेक शहरं, लढाईमागून लढाई. व्ह्रोएनगार्ड या जुन्या ड्रॅगनस्वारांच्या बेटावर एल्डुनारींचा, म्हणजे ड्रॅगनांचं मन आणि शक्ती साठवणाऱ्या रत्नांसारख्या हृदयांचा साठा सापडतो. त्याची खूण सोलेम्बम या बोलक्या मायावी मांजराने पहिल्याच पुस्तकात दिली होती, म्हणून ही फसवणूक नाही. पण इतकी ताकद हाताशी आल्यावर मंत्राची किंमत मोजायची कुणी? शेवटी दुष्ट राजा गॅल्बाटोरिक्स हरतो तो शब्दाविना केलेल्या मंत्राने; कल्पना चांगली, पण मालिकाभर शिकवलेले डावपेच बाजूलाच राहतात. मुखपृष्ठावरचा हिरवा ड्रॅगन तर युद्ध संपल्यावर जन्मतो, तोही आपल्या नजरेआड.

तिसऱ्यातली बैठक सरळ उलटून टाका. चौथं व्ह्रोएनगार्डच्या प्रवासापासून उघडलंत तरी कथेचा धागा सुटत नाही.