सिडनीत हाती एकच दुपार असेल तर: क्यूव्हीबी की स्ट्रँड आर्केड?

दोन्ही जुन्या, दुकानांनी भरलेल्या इमारती. दोन्ही जॉर्ज स्ट्रीटवर आहेत, एकीतून दुसरीत चालत पाच मिनिटांत पोचता येतं. दोन्ही व्हिक्टोरियाच्या काळातल्या, दोन्हींवर काचेचं छत. तरीही 'एक पाहिली की दुसरी पाहिल्यासारखीच' असं मुळीच नाही.

क्यूव्हीबी म्हणजे क्वीन व्हिक्टोरिया बिल्डिंग. 1898 साली ती बाजार म्हणून उघडली आणि पुढे तिच्या नशिबी सरकारी कचेरीपण आलं. आत भिंती घातल्या, महापालिकेची खाती बसली, मूळ रूप झाकलं गेलं. 1950 च्या दशकाच्या शेवटी तर ती पाडूनच टाकायचं घाटत होतं. अखेर एका मलेशियन कंपनीने 99 वर्षांच्या भाडेकराराने ती घेऊन दुरुस्त केली आणि 1986 मध्ये आजचं शॉपिंग सेंटर उभं राहिलं. म्हणून इथे दुकानांपेक्षा इमारतच बघायची: मधला घुमट, रंगीत काचा, फरशा, आणि ते टांगलेलं रॉयल क्लॉक. त्यात इंग्लंडच्या इतिहासातले प्रसंग हलत्या बाहुल्यांनी दाखवतात, पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदासकट. लहान मुलं हटकून तिथेच अडकतात.

बाहेर राणीचा पुतळा आहे, तो मूळचा डब्लिनचा. स्वतंत्र आयर्लंडला नकोसा झाला, बरीच वर्षं अडगळीत पडला आणि 1987 मध्ये इथे आला. आपल्या मुंबईच्या काळ्या घोड्याच्या पुतळ्याला निदान गावातल्याच राणीच्या बागेत जागा मिळाली. या बाईंना थेट समुद्र ओलांडावे लागले.

स्ट्रँडची गोष्ट साधी. 1892 पासून ती आर्केडच, म्हणजे छताखालची दुकानांची गल्लीच आहे, दुसरं काही झालीच नाही. जॉर्ज स्ट्रीटवरून आत शिरायचं आणि पिट स्ट्रीट मॉलवर बाहेर पडायचं. 1976 च्या आगीत बराच भाग जळला, पण पुन्हा जुन्या धाटणीनेच बांधला. लाकडी जिने, लोखंडी नक्षीचे कठडे, छोटी छोटी दुकानं: टोप्या, चॉकलेटं, वरच्या मजल्यांवर ऑस्ट्रेलियन डिझायनरांचे कपडे. इथे दुकानदाराशी बोलणं होतं. क्यूव्हीबीत बऱ्याचदा तेच ब्रँड भेटतात जे कुठल्याही मोठ्या शहरात भेटतील.

स्वस्ताई कुठेच नाही, ती आशा सोडूनच निघा.

भारतातून आई-बाबा आले असतील तर क्यूव्हीबी. टाउन हॉल स्टेशनातून जमिनीखालूनच आत जाता येतं, पाऊस-उन्हाची फिकीर नाही, मजले चढायला सरकते जिने आहेत. एकटे असाल, काहीतरी खरंच विकत घ्यायचं असेल, किंवा गर्दीचा कंटाळा येत असेल, तर स्ट्रँड. मला विचाराल तर कॉफी स्ट्रँडमध्येच प्यावी. क्यूव्हीबीत मान वर करून चालताना कप सांडतो.