कावीळ एकच, विषाणू वेगळे: हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी व लस ठरवताना

कोल्हापूर परिसरात कावीळ म्हटली की पहिला संशय पाण्यावर जातो आणि तो रास्तच आहे. 2012 साली इचलकरंजीत आलेली मोठी साथ हिपॅटायटिस ई या दूषित पाण्यातून पसरणाऱ्या विषाणूची होती. ए आणि ई या दोन्ही विषाणूंचा निचरा निरोगी शरीर बहुधा काही आठवड्यांत स्वतःच करते, आणि काविळीची माळ घातल्याने गुण आला असे वाटते ते त्यामुळेच. गर्भवतीची गोष्ट वेगळी. शेवटच्या तिमाहीत ई झाल्यास मृत्यूचे प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, म्हणून तिला माळेच्या भरवशावर घरी ठेवू नये.

प्रौढांनी विचारपूर्वक ठरवायचे ते बी आणि सी यांच्याबाबत, कारण हे रक्तावाटे पसरणारे विषाणू डोळे पिवळे न करताही वर्षानुवर्षे यकृतात राहतात. बीचा जनुकसंच सुमारे 3,200 अक्षरांच्या डीएनएचा असतो. पेशीकेंद्रकात शिरल्यावर त्याचे बंद वर्तुळ तयार होते आणि तेथेच ठाण मांडते. टेनोफोव्हिरसारखी औषधे नव्या प्रती रोखतात, पण ते वर्तुळ पुसू शकत नाहीत, त्यामुळे गोळ्या बहुधा दीर्घकाळ चालू ठेवाव्या लागतात. सीचा जनुकसंच सुमारे 9,600 अक्षरांच्या आरएनएचा असून तो केंद्रकात जातच नाही. म्हणून प्रती काढणारी यंत्रणा औषधाने बंद पाडली की तो नाहीसा होतो, आणि साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी 95 टक्क्यांच्या आसपास रुग्ण पूर्ण बरे होतात.

लशीच्या बाबतीत पारडे उलटे आहे. सी प्रती काढताना सतत चुका करून आपले आवरण बदलतो, त्यामुळे त्याच्यावर लस नाही. बीवर उत्तम लस आहे. प्रौढांना ती 0, 1 आणि 6 महिन्यांनी देतात, तर बाळाला जन्मानंतर 24 तासांत टोचावी लागते, कारण जन्माच्या वेळी लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे 90 टक्क्यांमध्ये बी कायमचा राहतो.

माझ्या मते, लहानपणी लस न मिळालेल्या प्रत्येकाने दोन्ही चाचण्या एकदा कराव्यात आणि बीपासून संरक्षण नसल्यास लस घ्यावी. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात चौकशी करता येईल. सीची प्रतिपिंड चाचणी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने शोधणारी) मात्र बरे झाल्यावरही पॉझिटिव्ह राहते, म्हणून खुद्द विषाणू शोधणारी आरएनए चाचणी झाल्याशिवाय उपचार सुरू करू नयेत.